गाण्यातली रिकामी जागा

पेरू देशाची राजधानी लिमा. तिथल्या एका पबमध्ये रात्री गाणे-बजावणे चाले. ठरलेला गायक एखाद्या दिवशी आजारी पडला, की पब सांभाळणाऱ्या बाई आपल्या मुलाला पुढे करत. मुलगा गिटार घेऊन बसे. समोर नेहमीची, उतारवयाकडे झुकलेली गिऱ्हाइके. कुणी आन्दीज पर्वतातली हुआयनो लोकगीते मागे, तर कुणी एल्व्हिस प्रेस्लीचे गाणे. जे मागितले जाईल ते यायला हवे, आणि ज्याच्या जागी आपण बसलो आहोत त्याची उणीव कुणाला भासता कामा नये. श्रोत्यांपुढे गाण्याचा पहिला धडा या मुलाला असा, दुसऱ्याच्या जागी बसून मिळाला.

तो मुलगा म्हणजे हुआन दिएगो फ्लोरेस. जन्म १३ जानेवारी १९७३. रोसिनी, दोनिझेत्ती आणि बेल्लिनी या इटालियन संगीतकारांच्या ऑपेरांसाठी आपल्या काळात ज्या टेनर गायकाचे नाव आधी घेतले जाते, तो हा गायक. पुढच्या प्रकरणांत त्यांच्या भूमिका, ध्वनिमुद्रणे आणि रंगमंच क्रमाने येतीलच. या प्रस्तावनेत मला त्या सगळ्यांतून जाणारा एक धागा वाचकाच्या हाती द्यायचा आहे.

आपल्याकडे गाण्याच्या बोलीत ‘जागा’ हा फार सुंदर शब्द आहे. गायकाने ओळीच्या एखाद्या वळणावर अनपेक्षित, नेमकी स्वरावली घेतली की जाणकार म्हणतात, ‘काय जागा घेतली!’ एरवीच्या बोलण्यात जागा म्हणजे नुसते ठिकाण: बसायची, उभे राहायची, कुणीतरी सोडून गेलेली. फ्लोरेस यांच्या कारकिर्दीचा मी जितका विचार करतो, तितके हे दोन अर्थ एकमेकांत मिसळत जातात. हा गायक पुन्हा पुन्हा रिकाम्या पडलेल्या जागी उभा राहिला. कधी ती जागा एका आजारी सहकाऱ्याची होती, कधी दीडशे वर्षे गायकच न मिळालेल्या संगीताची. आणि जी जागा आपली नाही असे वाटले, ती त्यांनी सोडूनही दिली.

ऑपेरा आपल्या घरांत फारसा वाजत नाही, म्हणून आधी टेनर म्हणजे काय ते पाहू. टेनर हा पुरुषाचा चढा आवाज. त्याच्या पल्ल्याच्या टोकाशी जो स्वर असतो त्याला पाश्चात्त्य संगीतात ‘हाय सी’ म्हणतात. हार्मोनियमच्या भाषेत ती पांढरी एक, सेकंदाला सुमारे ५२३ कंपनांची. पांढरी एकमध्ये षड्ज लावून गाणाऱ्या आपल्याकडच्या पुरुष गायकाने मध्य सप्तक ओलांडले, तार सप्तकही ओलांडले, की तो या स्वरापाशी पोहोचेल. म्हणजे त्याच्या लेखी हा अतितार षड्ज. टेनरला तो भरल्या आवाजात, शब्द उच्चारत, अभिनय करत लावायचा असतो.

शिवाय ऑपेरात ध्वनिवर्धक नसतो. गायक आणि प्रेक्षक यांच्यामध्ये साठ-सत्तर वादकांचा वाद्यवृंद बसलेला असतो, आणि त्याच्यावरून आवाज सज्जातल्या शेवटच्या रांगेपर्यंत जायला हवा. हे नुसत्या जोराने साधत नाही. वाद्यवृंदाच्या ध्वनीची बरीचशी शक्ती ५०० कंपनांच्या आसपास असते आणि त्यावर ती उतरत जाते. तयार गळ्याचा गायक स्वरयंत्राच्या लगेच वरची पोकळी अशी घडवतो, की त्याच्या आवाजातली शक्ती ३००० कंपनांच्या आसपास एकवटते. तिथे वाद्यवृंद क्षीण आणि माणसाचा कान अतिशय तीक्ष्ण. आवाजाला तिथे वाट मिळते. आपल्या संगीत रंगभूमीवरच्या जुन्या गायकनटांनीही ध्वनिवर्धकाशिवायच थिएटरे भारली होती. त्यामुळे ‘आवाज फेकणे’ ही गोष्ट मराठी रसिकाला अगदीच परकी नाही.

फ्लोरेस यांचा आवाज या कलेतला हलका आवाज आहे. सडपातळ, उजळ, चपळ. घनगर्जना करणारा तो नव्हे. या हलकेपणाचे मूळ मला लिमाच्या घरात दिसते. वडील रुबेन फ्लोरेस हे गायक आणि गिटारवादक. पेरूच्या क्रियोल संगीताचे, म्हणजे किनारी शहरांत रुजलेल्या वॉल्त्झ आणि मारिनेरा गीतांचे ते जाणकार, आणि त्या परंपरेतल्या थोर कवयित्री-गायिका चाबुका ग्रांदा यांच्याबरोबर त्यांनी गायले होते. या गाण्यांत शब्द आधी येतो. गिटारच्या सोबतीने, समोर बसलेल्या माणसाशी बोलल्यासारखे गायचे. मुलाला सुरुवातीला अशीच गाणी, किंवा पॉप गाणी गायची होती. त्याचीच तयारी म्हणून सतराव्या वर्षी तो लिमाच्या राष्ट्रीय संगीत विद्यालयात दाखल झाला. तिथे गुरू आंद्रेस सांता मारिया यांच्याकडे शिकताना आपल्या गळ्यात काही वेगळे आहे हे त्याच्या ध्यानात आले. पेरूच्या राष्ट्रीय गायनवृंदात तो गाऊ लागला, आणि १९९३ साली शिष्यवृत्ती मिळवून फिलाडेल्फियाच्या कर्टिस इन्स्टिट्यूटमध्ये गेला.

याच सुमारास एर्नेस्तो पालासियो भेटले. पालासियो स्वतः पेरूचे, स्वतः टेनर, आणि युरोपात रोसिनी गाऊन नाव मिळवलेले. त्यांनी या तरुणाला इटलीला बोलावले आणि पुढे गुरू, सल्लागार, व्यवस्थापक अशा सगळ्याच नात्यांनी ते त्याच्या पाठीशी राहिले. आपण ज्या वाटेने धडपडत गेलो ती वाट मागून येणाऱ्याला दाखवून देणारी माणसे सगळ्याच कलांत थोडी असतात. पालासियो त्यांतले एक.

आता १९९६ चा ऑगस्ट. एड्रियाटिक समुद्राकाठचे पेझारो हे रोसिनीचे जन्मगाव. तिथे १९८० पासून दर उन्हाळ्यात त्याच्या ऑपेरांचा महोत्सव भरतो. तेवीस वर्षांचे फ्लोरेस एका लहानशा भूमिकेसाठी तिथे आले होते. ‘माटिल्दे दी शाब्रान’ या दुसऱ्या एका ऑपेरात कोर्रादिनो ही मुख्य भूमिका अमेरिकन टेनर ब्रूस फोर्ड गाणार होते. ते आजारी पडले. प्रयोग तोंडावर, भूमिका लांबलचक आणि कमालीची अवघड, आणि जवळजवळ कुणालाच न येणारी, कारण हा ऑपेरा सहसा होतच नसे. आयोजकांनी फ्लोरेस यांना विचारले. ते हो म्हणाले, थोड्या दिवसांत भूमिका पाठ केली, आणि १३ ऑगस्टला रंगमंचावर उभे राहिले. त्या रात्रीने त्यांच्यासाठी दारे उघडली. त्याच वर्षी ७ डिसेंबरला मिलानच्या ‘ला स्काला’मध्ये हंगामाच्या उद्‌घाटनाच्या प्रयोगात, रिकार्डो मुटी यांच्या संचालनाखाली, ते ग्लुकच्या ‘आर्मिद’मध्ये गायले.

या ‘माटिल्दे’ची आणखी एक हकिकत आहे. १८२१ साली रोममध्ये तिचा पहिला प्रयोग व्हायचा होता तेव्हा वाद्यवृंदाचा संचालक ऐन वेळी आजारी पडला, आणि त्याच्या जागी उभा राहिला रोसिनीचा मित्र, व्हायोलिनचा जादूगार निकोलो पागानिनी. म्हणजे पहिल्या रात्रीही एका बदली माणसाने हा ऑपेरा तारून नेला होता. पावणेदोनशे वर्षांनी त्याला दुसरा भेटला. फ्लोरेस ‘माटिल्दे’ विसरले नाहीत. २००४ मध्ये आणि २०१२ मध्ये पेझारोला परत जाऊन त्यांनी तीच भूमिका गायली.

पण आजारी गायकाची जागा एका रात्रीपुरती असते. फ्लोरेस यांनी भरलेली मोठी जागा समजून घ्यायची तर एकोणिसाव्या शतकात जायला हवे.

रोसिनीच्या काळचे टेनर आजच्यासारखे गात नसत. वरचे स्वर ते छातीतून उसळवत नसत, डोक्याच्या हलक्या, मिश्र आवाजात सहज लावत. त्यामुळे त्यांचा गळा वेगाने फिरे. रोसिनीने त्यांच्यासाठी लिहिलेल्या ताना पाहिल्या की आपल्याकडच्या ख्यालगायकालाही कौतुक वाटेल, फक्त त्या कागदावर स्वर-न-स्वर लिहिलेल्या असतात आणि वाद्यवृंदाच्या ठेक्यात नेमक्या बसवाव्या लागतात. १८२९ साली पॅरिसमध्ये रोसिनीचा शेवटचा ऑपेरा ‘ग्वियोम तेल’ झाला, तेव्हा त्यातली आर्नोल्दची भूमिका अदोल्फ नूरी यांनी अशाच शैलीत गायली. मग १८३७ मध्ये जिल्बेर द्युप्रे पॅरिसला आले. त्याच भूमिकेतला तोच ‘हाय सी’ त्यांनी छातीच्या भरदार आवाजात लावला, आणि पॅरिस वेडे झाले. खुद्द रोसिनीला तो स्वर मुळीच आवडला नव्हता. पण श्रोत्यांचा कौल लागला होता. नूरींनी पॅरिसचा ऑपेरा सोडला, नवी रीत शिकायला ते इटलीत दोनिझेत्तींकडे गेले. गळा नव्या साच्यात बसेना, प्रकृती ढासळली, मन खचले. १८३९ मध्ये, वयाच्या अवघ्या सदतिसाव्या वर्षी, नेपल्समध्ये त्यांनी स्वतःचे आयुष्य संपवले.

त्यानंतर टेनर म्हणजे भरदार आवाज हे समीकरण पक्के झाले. वेर्दी आला, पुच्चिनी आला. त्यांच्या संगीताने जगाला मोठे गायक दिले. पण रोसिनीच्या ताना फिरवणारे गळे घडेनासे झाले. गळेच नाहीत म्हटल्यावर त्याचे गंभीर ऑपेरा रंगमंचावरून उतरले, आणि जे टिकले त्यांचीही काटछाट झाली. ‘सेव्हिलचा न्हावी’ हा त्याचा सर्वांत लोकप्रिय ऑपेरा. १८१६ मध्ये रोमला झालेल्या पहिल्या प्रयोगात काउंट अल्माविव्हाची भूमिका मानुएल गार्सिया यांनी केली होती, आणि त्यांच्यासाठी रोसिनीने शेवटी एक लांब, तानांनी भरलेले गाणे लिहिले होते. ते पुढे सरसकट गाळले जाऊ लागले. त्याची चाल जगली ती वेगळ्याच ठिकाणी: रोसिनीने ती १८१७ मध्ये आपल्या ‘सिंड्रेला’च्या शेवटी नायिकेला देऊन टाकली होती. मूळ जागी मात्र शांतता. कथानायकाचे अखेरचे गाणेच नाही, आणि त्याची उणीव कुणाला भासतही नाही, असा काळ फार लांबला.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अभ्यासकांनी जुनी हस्तलिखिते तपासून रोसिनीच्या शुद्ध प्रती सिद्ध करायला घेतल्या. आल्बेर्तो झेद्दा, फिलिप गॉसेट अशा विद्वानांनी या कामाला आयुष्य दिले. गायिकांमध्ये मॅरिलिन हॉर्न आणि टेनरमध्ये रॉकवेल ब्लेक यांनी हे संगीत गाता येते हे दाखवून दिले, आणि अल्माविव्हाचे ते गाळलेले गाणेही परत आणले. फ्लोरेस या पालखीला खांदा देणारे पुढच्या पिढीतले भोई. पण त्यांच्या गळ्यात आल्यावर त्या तानांतला कष्ट दिसेनासा झाला. ब्लेक गातात तेव्हा आपण थक्क होतो. फ्लोरेस गातात तेव्हा वाटते, काउंटला शेवटी आनंद झाला आहे आणि आनंद झालेला माणूस असाच गाणार. एखादी तान कसरत न राहता भावनेची बोली होते तेव्हाच ती ‘जागा’ होते. १० जानेवारी २००२ रोजी न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेरात त्यांनी पदार्पण केले, ते याच अल्माविव्हाच्या भूमिकेत. २०१३ मध्ये पेझारोला त्यांनी आर्नोल्द गायला. नूरींची भूमिका, हलक्या आवाजात, द्युप्रेच्या जिवाला लागणाऱ्या हट्टाशिवाय. तो प्रयोग ऐकताना मला नूरींची आठवण येते आणि कंठ दाटतो.

आता त्या प्रसिद्ध रात्रीकडे वळू. दोनिझेत्तीचा १८४० सालचा ऑपेरा ‘रेजिमेंटची कन्या’. त्यात तोनियो नावाचा खेडूत तरुण प्रेमापायी सैन्यात भरती होतो आणि आनंदाने गातो. त्या एका गाण्यात नऊ वेळा ‘हाय सी’ येतो. गाण्याची पट्टी पांढरी चारची, त्यामुळे आपल्या हिशेबाने तो षड्ज नसून पंचम आहे. पायरी-पायरीने वर जाण्याची सोय नाही, उडी मारूनच तो गाठायचा. इटालियन टेनर पाव्हारॉत्ती यांचे नाव जगभर झाले ते याच गाण्याने. २० फेब्रुवारी २००७ रोजी ‘ला स्काला’त फ्लोरेस ते गायले. टाळ्या थांबेनात. प्रेक्षक तेच पुन्हा मागत राहिले.

मराठी माणसाला यात नवल वाटणार नाही. ‘वन्स मोअर’ ही आपल्या संगीत रंगभूमीची रीतच होती. बालगंधर्वांच्या पदांना वन्स मोअरवर वन्स मोअर पडत आणि रात्रीचे नाटक पहाटेकडे सरके. पण ‘ला स्काला’त एकल गायकाने पद पुन्हा गाण्याची प्रथा संगीतसंचालक तोस्कानिनींच्या काळापासून दडपली गेली होती. नाट्य खंडित होता कामा नये, हा त्यामागचा आग्रह, आणि तो चुकीचा म्हणता येत नाही. १९३३ मध्ये रशियन गायक शाल्यापिन यांनी ‘सेव्हिलचा न्हावी’तले एक पद पुन्हा गायले होते. त्यानंतर ७४ वर्षे एकाही एकल गायकाने तिथे ते केले नव्हते. त्या रात्री फ्लोरेस यांनी नऊच्या नऊ स्वर पुन्हा लावले. पुढच्या वर्षी एप्रिलमध्ये न्यूयॉर्कलाही तेच घडले. वर्तमानपत्रांनी स्वर मोजले. मला मात्र त्या ध्वनिमुद्रणात दुसऱ्या खेपेचा चेहरामोहरा महत्त्वाचा वाटतो: तेच शब्द, तेच हसू, कुठेही विक्रम केल्याची ऐट नाही. मागितले ते दिले. लिमाच्या पबमधला मुलगा तिथे गात होता.

अशा यशानंतर मोह होतो तो मोठ्या, जड भूमिकांचा. कीर्ती त्यांच्याकडे ओढते, पैसा ओढतो, चाहतेही ओढतात. २००८ मध्ये फ्लोरेस यांनी वेर्दीच्या ‘रिगोलेत्तो’मधला ड्यूक लिमा आणि ड्रेसडेन इथे गायला. प्रयोग गाजले. तरीही भूमिका आपल्या गळ्याला अजून मानवत नाही असे ठरवून त्यांनी ती बाजूला ठेवली. पस्तिशीतल्या, शिखरावरच्या गायकाने असे म्हणणे मला नऊ ‘हाय सीं’पेक्षा अवघड वाटते. आवाज जड भूमिकेत ओढून ताणला की आधी चपळाई जाते, मग वरचे स्वर, मग झळाळी. पुढे चाळिशी उलटल्यावर, गळा आपसूक मध्य सप्तकात भरत गेला, तसे ते वेर्थर, फाउस्ट, ‘ला त्राव्हियाता’तला आल्फ्रेदो या भूमिकांकडे गेले. न्यूयॉर्कला आल्फ्रेदो गायले ते डिसेंबर २०१८ मध्ये, वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी. या भूमिकांत त्यांचा आवाज काहींना बारीक वाटतो, आणि ते म्हणणे मी खोडून काढणार नाही. पण पंचवीस-तीस वर्षे गायल्यावरही तो आवाज फाटलेला नाही. त्याची मुळे वेळेवर दिलेल्या त्या नकारात आहेत.

एकदा फ्लोरेस यांचीच जागा रिकामी झाली. एप्रिल २०१४, न्यूयॉर्क, रोसिनीची ‘सिंड्रेला’. फ्लोरेस आजारी. पहिल्या प्रयोगांसाठी त्यांच्या जागी आले मेक्सिकोचे हाव्हिएर कामारेना. त्यांनी राजपुत्राचे गाणे असे गायले की प्रेक्षकांनी वन्स मोअर मागितला, आणि तो मिळालाही. एका पिढीपूर्वी असा बदली गायक शोधूनही सापडला नसता. आता लॅटिन अमेरिकेतून एकाच्या आजारपणात दुसरा उभा राहत होता. रिकामी जागा नीट भरली की ती वाट होते, हे त्या आठवड्यात दिसले. फ्लोरेस यांच्या कीर्तीची मोजदाद करताना ही रात्र मी त्यांच्याच खात्यावर लिहितो.

ती वाट त्यांनी मायदेशी आणखी रुंद केली. २०११ मध्ये त्यांनी ‘सिंफोनिया पोर एल पेरू’ ही संस्था सुरू केली. व्हेनेझुएलात होसे आंतोनियो आब्रेऊ यांनी १९७५ पासून गरीब वस्त्यांतल्या मुलांचे वाद्यवृंद उभे केले होते, त्यापासून घेतलेली ही प्रेरणा. पेरूच्या वेगवेगळ्या भागांत हजारो मुले तिथे वाद्ये वाजवायला आणि एकत्र गायला शिकली. वाद्यवृंदात बसलेल्या मुलाला पहिली गोष्ट कळते ती ही, की आपली एक जागा आहे, आणि आपण आलो नाही तर ती सगळ्यांना ऐकू येते. २०२२ पासून फ्लोरेस पेझारोच्या महोत्सवाचे कलादिग्दर्शक आहेत. जिथे ते बदली म्हणून उभे राहिले, तिथे आता नव्या गायकांना उभे करण्याचे काम त्यांच्याकडे आले आहे.

हे पुस्तक वाचताना वाचकाने सोबत ऐकावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे. आधी अल्माविव्हाचे ते शेवटचे गाणे ऐकावे. भाषा कळली नाही तरी ताना कळतील, कारण तान ऐकायची सवय आपल्या कानांना आहे. मग तोनियोचे. मग आर्नोल्दचे, नूरींना स्मरून. आणि सर्वांत शेवटी त्यांच्या एखाद्या मैफलीचा अखेरचा भाग शोधावा. ऑपेरातली पदे संपलेली असतात, पियानोवादक बाजूला झालेला असतो. कुणीतरी एक खुर्ची आणून ठेवते. फ्लोरेस गिटार घेऊन बसतात, तारा जुळवतात, श्रोते फर्माइशी ओरडतात, आणि चाबुका ग्रांदा यांचे, वडिलांच्या घरातले एखादे गाणे ते हळू आवाजात सुरू करतात. तिथे ‘हाय सी’ची गरज नसते. त्या रात्री कुणी आजारी पडलेले नसते, कुणाची उणीव भरून काढायची नसते. ती खुर्ची त्यांची स्वतःची असते.